जुन्या व्हॉल्व्ह रेडिओच्या निमित्ताने आभार
व्हॉल्व्हवर (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांवर) चालणारा माझा जुना शॉर्टवेव्ह रेडिओ अनेक वर्षांनी पुन्हा बोलू लागला आहे, आणि ज्यांच्यामुळे हे घडले त्यांचे जाहीर आभार मानणे मला अगत्याचे वाटते.

रेडिओ थेट विजेला न जोडता त्याच्याशी आधी एक साधा तंतूचा दिवा एकसरीत जोडावा, असे ज्यांनी पहिल्याच दिवशी बजावले, त्यांनी माझा ट्रान्सफॉर्मर वाचवला. दिवा प्रखर पेटून तसाच राहिला, म्हणजे रेडिओ जास्त वीज ओढत होता; तेव्हा फिल्टरचे (वीजपुरवठा सपाट करणारे) कपॅसिटर निकामी झाल्याचे कळले.

त्याहून मोठे ऋण आहे ते, आउटपुट व्हॉल्व्ह (लाउडस्पीकरला आवाज पुरवणारा) भलताच तापतो हे ऐकल्यावर तो बदलण्याआधी ग्रिडवरचे (व्हॉल्व्हमधल्या नियंत्रक जाळीवरचे) व्होल्टेज मोजायला सांगणाऱ्या गृहस्थांचे. चॅसिसच्या (रेडिओच्या धातूच्या सांगाड्याच्या) तुलनेत ते शून्याजवळ असायला हवे होते, पण स्पष्टपणे धन निघाले, कारण आधीच्या टप्प्याकडून येणारा कागदी कपॅसिटर गळत होता, म्हणजे अडवायचे ते व्होल्टेज पुढे जाऊ देत होता. व्हॉल्व्ह निर्दोष होता (असे कितीतरी चांगले व्हॉल्व्ह घाईने टाकले जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते).

तुटलेल्या डायलच्या दोरीचा मार्ग कुणीतरी कागदावर रेखाटून दिला. आणि ज्या बाईंनी स्वतःचा सिग्नल जनरेटर (चाचणीसाठी ठरावीक वारंवारतेचा संकेत देणारे यंत्र) आणून, रेडिओच्या आतले ४५५ किलोहर्ट्झच्या मधल्या वारंवारतेचे (आयएफ) ट्रान्सफॉर्मर जुळवताना त्यांचे गाभे धातूच्या पेचकसाने फिरवू नयेत हे शांतपणे समजावले, त्यांच्यामुळे ३१ मीटरच्या शॉर्टवेव्ह पट्ट्यावरील केंद्रे आता डायलवर आपापल्या जागी लागतात. आपणा सर्वांचा मी अत्यंत ऋणी आहे.