चॅनल एकची रेघ खाली आली, काका

ती. काका यांस,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" म्हणता. म्हणून सगळ्यांदेखत लिहितो आहे. इथे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

माझा टेक्ट्रॉनिक्स ४६५, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज पडद्यावर रेघेच्या रूपात दाखवणारा ऑसिलोस्कोप, दुरुस्त झाला. १९७२ साली बाजारात आलेलं मॉडेल, म्हणजे वयानं माझ्यापेक्षा मोठं. पुण्याच्या जुन्या बाजारातून घरी आणला तेव्हा दोन इनपुटांपैकी चॅनल दोन ठणठणीत होता. चॅनल एकची रेघ मात्र एका घराला ५ मिलिव्होल्ट या रेंजवर मधल्या ओळीपासून तीन घरं वर चढून बसलेली. दोन संध्याकाळी मी रेघ मध्यावर आणायचा बॅलन्सचा प्रीसेट (आतला छोटा स्क्रू) पिळण्यात घालवल्या. मग इनपुटचा एफईटी (सिग्नल आधी जिथे पोचतो तो ट्रान्झिस्टर) गेला असं स्वतःच ठरवून तो परदेशातून मागवायला निघालो. पैसे भरायच्या आधी तुम्हाला फोन केला, तेवढंच माझं शहाणपण.

तुम्ही उत्तर दिलंच नाहीत. "स्विच ग्राउंडवर टाकलास की रेघ कुठे जाते?" मध्यावर. "मग पुढचा अ‍ॅम्प्लिफायर विसर. आता इनपुट ग्राउंडला जोड." मी प्रोबचं टोक ग्राउंडला लावलं. रेघ ढिम्म. बघा, म्हणजे एफईटीच, असं मी म्हणायच्या आत तुमचा प्रश्न आला, "प्रोब दहापटीचा, सिग्नल दहापट कमी करणारा आहे ना रे?"

होता. त्याच्या पोटात ९ मेगओमचा रेझिस्टर. स्कोपच्या इनपुटला आतून १ मेगओम ग्राउंडला जोडलेला असतोच. त्याला ९ मेगओम समांतर जोडून होतात ०.९ मेगओम. म्हणजे मी काहीच शॉर्ट केलं नव्हतं, आणि त्यावरून निकाल लावायला बसलो होतो. प्रोब काढून सॉकेटमध्येच तारेचा तुकडा अडकवला तेव्हा रेघ निमूट मध्यावर आली. एसीवर टाकलं तर पुन्हा वर, कारण मध्ये कपॅसिटर, आणि तो स्थिर करंट अडवतो. तेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं.

मग तुम्ही मला कागद-पेन घ्यायला लावलंत. तीन घरं म्हणजे १५ मिलिव्होल्ट, भागिले १ मेगओम, म्हणजे १५ नॅनोअँपिअर. कुठूनतरी त्या १ मेगओममधून जाणारी एवढीशी गळती! जुलै चालू होता, खिडकीबाहेर पाऊस, बोर्डावर कित्येक वर्षांची धूळ. मी म्हटलं, ओल धरली असणार, अल्कोहोलनं धुऊन काढतो. तुमचा पुढचा प्रश्न मी वहीत चौकट करून लिहून ठेवला आहे: "तापल्यावर रेघ खाली येते, की आणखी वर जाते?"

ओलीची गळती असेल तर यंत्र तापल्यावर बोर्ड सुकतो आणि गळती कमी होते. डायोड किंवा ट्रान्झिस्टर गळत असेल तर उलटं, दर दहा अंशांना साधारण दुप्पट. तासाभरात माझी रेघ वर सरकत चालली होती. आईचा हेअर ड्रायर लांबून दाखवला तर पडद्याबाहेरच गेली. एवढ्याने ओल बाद झाली. बोर्ड धुतला नाही.

उरले दोघे: एफईटी आणि त्याच्या गेटला (इनपुटच्या पायाला) जास्त व्होल्टेजपासून वाचवणारा डायोड. "एफईटीला हात लावू नकोस, डायोडचा एक पाय उचल." प्लग काढला, थांबलो, पिक्चर ट्यूबच्या बाजूला हात न नेता एक पाय सोडवला. पुन्हा चालू केला. रेघ मध्यावर! माझ्या आधीच्या मालकांपैकी कुणीतरी त्या इनपुटला भलतंसलतं व्होल्टेज लावलं असावं. डायोडनं एफईटीला वाचवलं आणि स्वतः गळका झाला. मी मात्र मारेकरी म्हणून एफईटीलाच धरून बसलो होतो.

डब्यातला १ एन ४१४८ हा नेहमीचा डायोड लावायला निघालो तेव्हाही अडवलंत. २० व्होल्टला २५ नॅनोअँपिअरपर्यंत गळती चालेल असं त्याची डेटाशीटच म्हणते, म्हणजे माझा रोग परत आणायला तेवढा पुरे. तुम्ही सांगितलंत, बीसी ५४७ या साध्या ट्रान्झिस्टरचा बेस आणि कलेक्टर डायोड म्हणून वापर, एमिटरचा पाय कापून टाक. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत, तो दोन-तीन रुपयांना मिळाला. लावला, मग स्क्वेअर वेव्ह (चौकोनी लहरी) देऊन इनपुटचा ट्रिमर, म्हणजे फिरवून जुळवायचा छोटा कपॅसिटर, जुळवला, कारण नव्या भागानं थोडी कपॅसिटन्स वाढवली होती. आता दोन्ही चॅनलच्या रेघा एकावर एक ठेवल्या तर एकच दिसते.

काका, तुम्ही पहिल्याच फोनवर "डायोड बदल" म्हणू शकला असता. तुमचा अंदाज तेव्हाच झाला होता, हे तुमच्या आवाजावरून मला आता कळतं. त्याऐवजी चार रात्री, जेवण झाल्यावर, एकेक प्रश्न विचारत बसलात. काकूंनाही माझा नमस्कार आणि माफी सांगा.

तुमच्या माळ्यावरच्या स्कोपवर नुसता ठिपका दिसतो, आडवी रेघ उमटतच नाही, असं म्हणाला होतात. दिवाळीत येतो. तोवर उघडू नका. या वेळी प्रश्न मी विचारणार.

लोभ असावा ही विनंती.

तुमचा,
रात्री साडेदहाला फोन करणारा