जमलेली रक्कम ही हमी नव्हे

क्राउडफंडिंगमधून, म्हणजे अनेकांकडून आगाऊ थोडे थोडे पैसे गोळा करून, येणाऱ्या नव्या उपकरणांवरील रविवार पुरवणीतील लेख वाचला. ‘उद्दिष्टाच्या अनेक पट निधी जमला, म्हणजे प्रकल्प भरवशाचा’ हे त्यातले विधान पटले नाही. ‘झानो’ या छोट्या ड्रोनसाठी किकस्टार्टर या असा निधी जमवणाऱ्या ऑनलाइन मंचावर सुमारे 23 लाख पौंड जमले; 2015 मध्ये कंपनी बुडाली आणि बहुतेकांना ड्रोन मिळालेच नाहीत. ‘कूलेस्ट कूलर’ या पेये थंड ठेवणाऱ्या पेटीला 2014 मध्ये 1 कोटी 30 लाख डॉलरहून अधिक मिळाले, तरी 2019 मध्ये काम बंद पडले तेव्हा हजारो जण रिकाम्या हातीच होते.

किंमत कमी धरली असेल तर प्रत्येक नव्या मागणीबरोबर तोटाच वाढतो. प्लास्टिकच्या भागांचे साचे, सुरक्षा चाचण्या, बॅटरीच्या वाहतुकीचे नियम, परत येणारा सदोष माल हे खर्च नमुना तयार झाल्यावर सुरू होतात, आणि घोषणेत ते क्वचितच दिसतात. म्हणून पैसे देण्यापूर्वी चालत्या नमुन्याचे न कापलेले चित्रीकरण आहे का, उत्पादक ठरला आहे का आणि प्रकल्प मांडणाऱ्या मंडळींनी आधी काही वेळेवर पोहोचवले आहे का, हे पाहावे. संगणकावर रंगवलेली देखणी चित्रे नमुन्यात धरू नयेत. मुख्य म्हणजे ही खरेदी नसते. वस्तू न आल्यास मंच सहसा परतावा देत नाही.

– एक वाचक