नव्या घरातल्या पोपटाला आधी सवड द्या

महोदय,

सुटका करून आणलेले पोपट मी घरी सांभाळते. नवा पक्षी आला की सगळे पिंजऱ्याभोवती जमतात, कुणी बोट पुढे करतं, कुणी ‘बोल, बोल’ म्हणतं. नेमकं हेच टाळायला हवं. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला लागून ठेवा, म्हणजे पाठीमागची धास्ती राहत नाही. रात्री १० ते १२ तास शांत अंधार मिळू द्या.

सध्या माझ्याकडे असलेल्या आफ्रिकन ग्रे जातीच्या (करड्या पोपटाच्या) मादीने छातीवरची पिसं उपटून काढली आहेत. मी थोडं लांब बसून हळू आवाजात वर्तमानपत्र वाचते. तिची पिसं अंगाला चिकटली, मान ताणली गेली की ती घाबरली हे ओळखून खुर्ची मागे घेते. एका पायावर उभी राहून ती चोचीचे दोन भाग एकमेकांवर घासू लागली की ती निवांत झाली हे कळतं आणि जीव भांड्यात पडतो. पिसं उपटणाऱ्या पक्ष्याला आधी पक्ष्यांच्या डॉक्टरांना दाखवाच. त्यामागे आजारही असू शकतो.

नुसत्या बियांवर वाढलेल्या पक्ष्याचा आहार एकदम बदलू नका, तो उपाशी राहील. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट त्याला विषारी. नॉनस्टिक भांडं फार तापलं तर त्याच्या वाफांनी पोपट काही मिनिटांत दगावू शकतो. पक्षी दत्तक देणाऱ्या संस्थांनी हे सगळं लेखी द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक