शाळा न पाहताच दुसरीत गेलेली मुलं

मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सा. न. वि. वि.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. यंदा माझ्याकडे सहावीचा वर्ग आहे. जून २०२० मध्ये पहिलीच्या पटावर नाव लागलेली ही मुलं. कोरोनामुळे बंद असलेली शाळा त्यांच्यासाठी उघडली १ डिसेंबर २०२१ ला. तोवर ती दुसरीत पोहोचली होती! जानेवारीत पुन्हा कुलूप लागलं, ते वेगळंच.

‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत आम्हीच ग्रुपवर अभ्यास टाकत होतो. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर कामावर. रात्री नऊला फोन घरी यायचा तेव्हा पोर झोपलेलं. आणि आम्ही तरी कुठे मोकळ्या होतो? ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’च्या कोरोना सर्वेक्षणाला ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरत होतो. पुढे मागच्या इयत्तेचं राहिलेलं भरून काढायला ४५ दिवसांचा सेतू अभ्यास आला, तोही फोनवरच.

वर्गात एक मुलगा आहे. तोंडी हिशेब फाडफाड करतो. वाचायला उभा केला की ओळीखाली बोट ठेवतो, जोडाक्षर आलं की बोट थांबतं आणि तो विचारतो, “बाई, पाणी पिऊन येऊ?” चाचणीच्या दिवशी त्याचं पोट दुखतं. नाटक नाही, घाम फुटलेला असतो. डॉक्टरांना काही सापडलं नाही. एकदा पेन्सिलीला टोक करता करता म्हणाला, “आजोबांना गाडीतून नेलं ना, परत आणलंच नाही.” मला काय बोलावं सुचेना. डी.एड.ला हे कुणी शिकवलं नव्हतं.

आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण बदललं आणि याच मुलांना पाचवीच्या परीक्षेत नापास होण्याची भीती पुन्हा दाखवली गेली. आता आठवीत दाखवली जाईल. परीक्षेला माझा विरोध नाही. पण पहिलीचं वर्षच न मिळालेल्या मुलाला पाचवीत अडवायचं, याला काय म्हणावं?

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ क्रमांक आम्ही भिंतीवर लावू. पण अकरा वर्षांचं पोर तो कुणाच्या फोनवरून लावणार? त्यापेक्षा केंद्रामागे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटामागे, एक समुपदेशक द्या, पंधरवड्यातून एकदा तरी प्रत्येक शाळेत बसणारा. आणि सहावी-सातवीला रोज एक तास नुसत्या वाचनाचा ठेवा. तेवढ्या तासात आमच्याकडून कुठलीही ऑनलाइन माहिती मागवू नका, ही हात जोडून विनंती.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका