अण्णांना कुठलं मैदान दाखवू?

कोल्हापूर,
रविवार, रात्री

प्रिय दिगू,

पाकीट बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. माझी शुगर आहे तिथंच आहे, गुडघा पावसाळ्यापेक्षा बरा, शैलाचं ऑपरेशन नीट झालं. तब्येतीचं खातं इथंच बंद करतो.

परवा जेवताना अण्णा भात कालवता कालवता म्हणाले, "मला ईडन गार्डन दाखव." रंकाळ्याचं टोक दाखव म्हणावं तितक्या सहज. शैलाला वाटलं बाग आहे कुठलीतरी, कलकत्त्याचं क्रिकेटचं मैदान तिला कुठलं ठाऊक. ती म्हणाली, "अण्णा, उन्हाळ्यात जाऊ." ओंकारनं लगेच मोबाईल काढला. माझा घास मात्र हातातच राहिला, आणि का ते या घरात कुणाला समजावून सांगता येईना. तुला सांगावं लागणार नाही.

कटिंगचं टेबल आठवतंय ना? मिरजकर तिकटीच्या शिवणकामाच्या दुकानातलं, ज्याच्यावर अण्णा रेडिओची कॉमेंट्री ऐकत मॅच मांडायचे. खडूनं काढलेलं गोल मैदान, मधे निळ्या कापडाच्या पट्टीचं पिच. शर्टाची पांढरी बटणं म्हणजे आपली टीम, कोटाची काळी म्हणजे पाहुणे, विकेटकीपर म्हणजे अंगुस्तान, आणि बॉलरला टिचबटण, कारण ते सारखं उचलावं लागायचं. महालक्ष्मीच्या कॅलेंडरकडची बाजू हायकोर्ट एंड आणि मशिनकडची क्लब हाऊस एंड. मॅच मद्रासला असली की तीच भिंत वालाजा रोड एंड व्हायची, कानपूरला असली की मिल पॅव्हेलियन. पण कलकत्त्याची कसोटी असली की अण्णा आधी टेबल ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचे. बाकीच्या मैदानांना ते भाग्य नव्हतं. १९७४-७५ च्या त्या कसोटीत विश्वनाथनं १३९ काढले आणि चंद्रशेखरनं वेस्ट इंडिजच्या लॉइडचा त्रिफळा उडवला, तो चेंडू टेबलावर नेमका कुठं पडला ते अण्णा अजून बोटानं दाखवतात. टेबल विकून किती वर्षं झाली, तरी दाखवतात. पलंगावरच्या चादरीवर.

आणि हा माणूस आयुष्यात एकदाही क्रिकेटच्या मैदानात गेलेला नाही. शिवाजी स्टेडियम सोड, ते धरत नाही मी. लग्नसराई, दिवाळी, शाळांचे गणवेश, कायम काहीतरी होतंच.

आता अडचण ऐक. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलंय की पडद्याचा मधला भाग गेला. म्हणजे बघतील तिथलं नेमकं दिसत नाही, कडेचं दिसतं. तू समोर उभा राहिलास तर तोंड दिसणार नाही, कान दिसतील. (तोटा फारसा नाही.) चालता-फिरता येतं, जिन्याला हात धरावा लागतो. आता विचार कर, अशा माणसाला ईडनला नेऊन बसवलं तर त्याला काय दिसेल? गॅलरी दिसेल, दिव्यांचे खांब दिसतील, कडेची हिरवळ दिसेल. जिथं बघतील तिथं पिच मात्र पुसलेलं. टेबलावर नेमकं उलटं होतं रे. पिच टाक्याटाक्यानं ठाऊक आणि गॅलरी म्हणजे रेडिओतली गाज.

मी साधं काहीतरी सुचवावं म्हणून जवळची मैदानं काढली. मुंबईला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी हजर. वानखेडे म्हटलं तर अण्णा म्हणाले, "तिथं तुम्ही जाऊन आलाय की, काय बघून आला?" अजून ते काढतात. १९८७ च्या वर्ल्ड कपची इंग्लंडविरुद्धची सेमीफायनल. आपण दोघं उन्हात बसून गूचचे स्वीप मोजत होतो, आणि गावसकर चारवर गेले तेव्हा तू वडापाव आणायला खाली होतास. परत आल्यावर अण्णांनी विचारलं, डिफ्रीटसचा तो चेंडू आत आला की बाहेर गेला? आपण एकमेकांच्या तोंडाकडं बघितलं. दुकानात बसून त्यांना आपल्यापेक्षा जास्त दिसलं होतं. गावसकरांची शेवटची आंतरराष्ट्रीय इनिंग, आणि तुझ्या हातात दोन वडापाव.

मग म्हटलं ब्रेबॉर्न. आपलं जुनं भांडण इथं काढत नाही, पण खरं सांगतो, म्हाताऱ्या माणसाला न्यावं असं मैदान तेच. १९३७ चं, बसकं, क्लबच्या व्हरांड्यातून बघावं असं. तिकिटांवरून क्लब आणि असोसिएशन भांडले नसते तर हाकेच्या अंतरावर वानखेडे उभंच राहिलं नसतं. तू वानखेडेच्या बाजूनं किती बोललास तरी १९७५ च्या पहिल्याच कसोटीत तिथं दंगल झाली, हे विसरू नको. अण्णा म्हणाले ब्रेबॉर्न चांगलं, मैदानात धावत आलेल्या मुलीनं अब्बास अली बेगचा मुका घेतला तो तिथंच. पण ते ठरवून बसलेत. ईडन.

शैला म्हणाली धरमशाला करू, देवदर्शनही होईल, मागं हिमालय दिसतो, समुद्रसपाटीपासून साडेचौदाशे मीटरवर मैदान आहे म्हणे. अण्णा म्हणाले, "डोंगर बघायला मॅच कशाला? पन्हाळा हाय की." पुण्याजवळचं गहुंजे सुचवलं तर म्हणाले, हायवेवर उतरून बघायचं ते मैदान नव्हे, धाबा. हे अन्यायाचं आहे, पण मी वाद घातला नाही.

ओंकारनं अहमदाबाद काढलं. एक लाख बत्तीस हजार माणूस बसतो, मधे एकही खांब आडवा येत नाही, मैदानात अकरा खेळपट्ट्या. त्यानं फोटो मोठा करून अण्णांच्या डोळ्यांच्या कडेला धरला. अण्णांनी विचारलं, एंडची नावं काय? अदानी आणि रिलायन्स, तो म्हणाला. मला वाटलं आता भडकणार, पण ते शांतपणे म्हणाले, "टाटा एंड, गरवारे एंड आम्हीबी ऐकलंय." मग थांबून, "पण गावसकरांची दहा हजारावी रन निघाली ते मोटेरा कुठाय?" ते पाडून हे बांधलं, ओंकारनं सांगितलं. विषय तिथंच मिटला.

मला भीती नेमकी हीच वाटते. अण्णांना जे ईडन बघायचंय ते पण असंच गेलंय. त्यांच्या डोक्यात लाख माणूस आहे. सबंध आयुष्य रेडिओनं तेच सांगितलं. २०११ च्या वर्ल्ड कपसाठी डागडुजी केली आणि खुर्च्या टाकल्या तेव्हापासून आकडा अडुसष्ट हजारांच्या आसपास आलाय, हे मी त्यांना सांगितलेलं नाही. ओंकारलाही डोळे वटारून गप्प केलंय. आणि लाख असो की अडुसष्ट हजार, त्या गोंगाटात त्यांना कळणार काय? पूर्वी लोक मैदानात ट्रान्झिस्टर घेऊन बसायचे, शेजारच्याला पण ऐकू यायचं. आता मोबाईलवर आकाशवाणी लावावी तर ती मागून येते. आधी सगळं मैदान ओरडणार आणि मग कानात सांगणार की बॉलर धावत निघालाय. ज्या माणसाला बॉल पडण्याआधी कळायचं, त्याला सगळ्यांच्या शेवटी कळणार.

तू म्हणशील, मग नेऊ नकोस. म्हणायला काय जातंय.

गंमत म्हणजे या माणसाचं ईडनशी भांडणही आहे. गावसकरांना त्या प्रेक्षकांनी ज्या शिव्या घातल्या त्याबद्दल त्यांनी कलकत्त्याला कधी माफ केलं नाही. १९८७ साली पाकिस्तानविरुद्ध गावसकर तिथं खेळायलाच गेले नाहीत, तेव्हा अण्णांनी त्या कसोटीला टेबल मांडलं नव्हतं. पाच दिवस नुसत्या पँटी शिवल्या. मी त्यांना हे आठवून दिलं, म्हटलं त्या लोकांच्यात जाऊन बसणार? म्हणाले, "माणसं बदलली असतील आता. मैदानाचा काय दोष?" म्हणजे माणसं बदललेली चालतील, मैदान तेच पाहिजे. आणि झालंय तिथं नेमकं उलटं.

मी एकदा युक्तीही करून बघितली. त्यांना खासबागेच्या कुस्ती मैदानात घेऊन गेलो. म्हटलं मैदान बघायची हौस असेल तर याच्यापेक्षा मोठं काय दाखवायचं? शाहू महाराजांनी रोमचं ते प्राचीन रिंगण बघून आल्यावर १९१२ साली उभं केलेलं, मधे लाल मातीचा हौदा, चारी बाजूंनी चढत गेलेला उतार. कुठंही बसा, समोरच्याचं डोकं आड येत नाही. स्टेडियम बांधणाऱ्यांनी आधी इथं येऊन बसावं असं माझं स्पष्ट मत आहे. अण्णांनी खंचनाळे, आंदळकर सगळे पैलवान इथंच बघितले, उतारावर शेंगा खात. शेजारचं केशवराव नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं त्या रात्री तू इंदूरहून फोन केलास आणि दोघंही नुसते गप्प होतो, तेव्हाही अण्णांनी पहिलं विचारलं होतं की आग मैदानापर्यंत आली का.

तर तिथं पायरीवर बसलो. हौदा त्यांना दिसत नव्हता, हे मला नंतर कळलं. बराच वेळानं म्हणाले, "हितं मी बघितलंय. त्यामुळं आता नाही दिसलं तरी दिसतंय. ईडन बघितलंच नाही, ते कसं दिसणार?"

याच्यावर मी काय बोलणार होतो? तुला सुचलं असतं तर सांग.

आता तुझ्याकडं येतो. तू तीन वर्षं कलकत्त्याच्या शाखेत काढलीस. घरादारात ईडन पाहिलेला तूच एकटा. आणि तुझं प्रकरण अण्णांच्या दप्तरात अजून उघडं आहे. मार्च २००१, ऑस्ट्रेलिया. तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तू आत होतास, फॉलोऑन मिळालेला भारत चार बाद २५४, अजून वीस धावा मागं. चौथ्या दिवशी बुधवार होता आणि तू काय केलंस? ऑफिसला गेलास. म्हणे लेजर जुळत नव्हतं. लक्ष्मण आणि द्रविडनं दिवसभरात एक विकेट पडू दिली नाही, ५८९ करून घरी गेले, आणि तू लेजर जुळवत बसलास. अण्णा टीव्हीचा आवाज बंद करून रेडिओ लावून बसले होते आणि प्रत्येक चौकाराला म्हणत होते, "दिगू ओरडत असंल बघ." रात्री तुझा फोन आला तेव्हा त्यांनी घेतलाच नाही. मी त्यांची बाजू घेतली नव्हती असं तुला तेव्हा सांगितलं होतं. घेतली होती.

सांगायचं हे की मी एक मार्ग काढलाय. मोठी मॅच नको. गेल्या नोव्हेंबरात आफ्रिकेविरुद्धची कसोटी तिसऱ्या दिवशी आटोपली, म्हणजे आपण पोचेपर्यंत संपायची. आयपीएलचा तर प्रश्नच नाही, त्या भोंग्यात अण्णांचं डोकं फुटेल. बंगालची एखादी रणजी मॅच ईडनवर लागलेली बघायची. गॅलरीत चार टाळकी असतात. बॅटचा आवाज ऐकू येतो. फिल्डर एकमेकांना हाका मारतात त्या ऐकू येतात. लाख माणूस नसेल, पण मग लाख माणूस बसतो की अडुसष्ट हजार हेही कळणार नाही. माझ्या लबाडीवर तुझा विश्वास आहेच.

फक्त शेजारी बसून सांगणारा पाहिजे. मला ते जमत नाही, मी "गेला गेला" म्हणून ओरडतो आणि कोण गेला ते सांगत नाही. दुकानात तू हिंदी कॉमेंट्रीवाल्या सुशील दोशींची नक्कल करायचास, गिऱ्हाईक मापं द्यायचं विसरायचं. इंदूरच्या स्टेडियममध्ये कॉमेंट्री बॉक्सला त्यांचं नाव दिलंय हे तूच अण्णांना सांगितलंस, ते इथं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात. तर तू येशील का? अण्णांच्या डाव्या कानाशी बसायचं, उजव्यानं कमी येतं. हिंदीतच कर, मराठीत त्यांना क्रिकेट खरं वाटत नाही. बटणं मी आणतो. डबा अजून आहे, शैलाला माहीत नाही कुठं ठेवलाय ते.

पुण्याहून आझाद हिंद आहे, नाहीतर विमान. अण्णा विमानाला तयार आहेत, खिडकी मात्र त्यांना हवी. तू इंदूरहून थेट हावड्याला ये. आधी हे कळव: क्लब हाऊसच्या बाजूला पायऱ्या कमी आहेत का, सावली किती वाजेपर्यंत असते, आणि आतून हायकोर्ट दिसतं का. शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण अण्णांच्या हिशोबात त्या भिंतीला कॅलेंडर टांगलेलं आहे, आणि ते कुठल्या दिशेला तोंड करून बसतील हे मला आधी ठरवावं लागेल.

रेवाचं ठरलं हे मन्याकडून कळलं. मुलगा बरा आहे ना? तारीख रणजीच्या आड येऊ देऊ नको, बाकी आम्ही सगळे येतोच. वहिनींना नमस्कार. निवृत्तीनंतर तू स्वयंपाक शिकतोयस ही बातमी मी इथं कुणाला सांगितलेली नाही.

उत्तर पत्रानंच पाठव. व्हॉट्सअॅपवर काही लिहू नकोस, ओंकार माझे सगळे मेसेज अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवतो, आणि अडुसष्ट हजार हा आकडा त्यांनी तुझ्या तोंडून ऐकावा असं मला वाटत नाही. २००१ चंच अजून मिटलेलं नाही.

तुझा,
सुऱ्या