पिसं उपटणाऱ्या कोंबडीची चोच छाटण्याआधी तिचं खाद्य बघा

संपादक साहेब, नमस्कार.

कोंबडीपालनाबद्दल पेपरात जे काही छापून येतं ते मी आवर्जून वाचते आणि एक गोष्ट कायम खटकते म्हणून हे पत्र. जुन्या शुद्ध जातींचा विषय निघाला की सरसकट सांगितलं जातं, या काटक असतात, यांना खास खुराक लागत नाही, चार दाणे टाकले की भागतं. मग याच कोंबड्या एकमेकींची पिसं उपटायला लागल्या की सल्ला येतो, जातच खोडकर आहे, चोची छाटून टाका. या दोन सल्ल्यांचा एकमेकांशी थेट संबंध आहे, पहिला पाळला म्हणूनच दुसऱ्याची वेळ येते, आणि हे कोणी नीट उलगडून सांगत नाही.

पीस कशाचं बनतं इथूनच सुरुवात करू. कोंबडीच्या पिसात ८५ ते ९० टक्के प्रोटीनच असतं, बहुतेक सगळं केराटिन. आणि हे केराटिन बनवायला गंधक असलेली अमिनो आम्लं, म्हणजे प्रोटीनचे घटक, लागतात, मेथिओनिन आणि सिस्टिन. सिस्टिन कोंबडीचं शरीर मेथिओनिनपासून बनवून घेतं पण मेथिओनिन मात्र खाद्यातूनच यावं लागतं, आणि नेमकं तेच मका-सोयाबीनच्या खाद्यात सगळ्यात आधी कमी पडतं. म्हणून खाद्याच्या पोत्यावर १६ टक्के प्रोटीन लिहिलंय म्हणजे झालं असं नसतं, त्या १६ टक्क्यांत मेथिओनिन किती आणि लायसिन हे दुसरं अमिनो आम्ल किती हे पण बघायला लागतं. ज्या कोंबडीला हे कमी पडतं ती ते शोधत फिरते आणि खुराड्यात तयार पिसं कुठे असतात तर शेजारणीच्या पाठीवर! पीस तिला फारसं पचत नाही हा भाग वेगळा, पण एकदा खायची सवय लागली की बाकीच्या पण बघून शिकतात.

आता गणित. लेयरचं म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य साधारण १६ टक्के प्रोटीनचं असतं आणि मका साडेआठ टक्क्यांच्या आसपास. निम्मं खाद्य आणि निम्मा मका दिला तर कोंबडीच्या पोटात जातं ते सव्वाबारा टक्क्यांचं. आणि प्रकरण इथेच थांबत नाही, कारण कोंबडी मुख्यतः ऊर्जेची गरज भागेपर्यंत खाते आणि मक्यात ऊर्जा लेयर खाद्यापेक्षा जास्त असते, म्हणजे मका खाऊन तिचं पोट लवकर भरतं आणि खाद्याच्या भांड्याकडे ती कमी जाते. त्यात समोर दोन्ही असेल तर ती आधी मक्याचे दाणेच वेचणार हे कोंबडी पाळणाऱ्या कुणालाही सांगायला नको. सोडियमचंही तेच, मक्यात ते जवळपास नसतंच, म्हणून खाद्यातलं मीठही पातळ होतं, आणि मिठाची कमतरता हे पिसं टोचण्याचं एक जुनं ओळखीचं कारण आहे. मालक मात्र म्हणतो मी तर चांगल्यातलं लेयर फीड देतो. देतो हे खरं आहे, पण कोंबडी ते किती खाते हे कोण बघतं?

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी नाहीतर माझं पत्र वाचून लोक दुसऱ्या टोकाला जातील. हेरिटेज म्हणजे जुन्या शुद्ध जातीच्या कोंबडीला कायम २४-२५ टक्के प्रोटीन हवंच असंही काही लोक ठासून सांगतात, ते मला पटत नाही. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचे १९९४ चे आकडे आजही सगळीकडे आधाराला घेतात, त्यात पांढरी अंडी देणाऱ्या लेगहॉर्न प्रकारच्या कोंबडीसाठी दिवसाला १०० ग्रॅम खाद्य धरून १५ टक्के प्रोटीन आणि ०.३० टक्के मेथिओनिन दिलंय. म्हणजे दिवसाला १५ ग्रॅम प्रोटीन. आता जुन्या जाती बघा, लेगहॉर्नची मादी सुमारे २ किलोची असते, र्‍होड आयलंड रेडची मादी ३ किलोच्या जवळ, प्लायमाउथ रॉक ३.४, ऑर्पिंग्टन ३.६ आणि ब्रह्मा तर ४ किलोच्या वर. अंगाने दीडपट-दुप्पट, पण अंडी कमी. अशी कोंबडी दिवसाला १३० ग्रॅम चांगलं १६ टक्क्यांचं खाद्य पूर्ण खात असेल तर तिला जवळपास २१ ग्रॅम प्रोटीन मिळतं, आणि अंडी देत असताना बहुतेकींना ते पुरतं. म्हणजे खोट १६ या आकड्यात नाही. खोट आहे पातळ करण्यात, मेथिओनिनकडे दुर्लक्ष करण्यात, आणि वर्षभर एकच आकडा धरून बसण्यात.

कारण वर्षातून एकदा पिसं गळतात. दिवस लहान व्हायला लागले की कोंबडी आधी डोकं-मान, मग अंग, पंख आणि शेवटी शेपटी अशी पिसं टाकते आणि नवी आणते, यात दोन-तीन महिने जातात, कधी जास्तही. अंडी थांबतात म्हणून याच वेळी लोक खाद्य हलकं करतात, अंडीच नाहीत तर महागाचं खाद्य कशाला असा हिशोब! खरं तर तिला सगळ्यात जास्त गरज याच वेळी असते, अख्ख्या अंगावरचे कपडे ती प्रोटीनमधून नव्याने शिवत असते. या काळात १८ ते २० टक्क्यांचं खाद्य द्यावं आणि मका जवळपास बंद करावा. नव्या पिसाचा खुंट बाहेर येतो तो निळसर काळपट दिसतो कारण त्यात रक्त वाहत असतं, आणि असा एखादा खुंट दुसरीने टोचून फोडला की रक्त येतं. रक्ताचा लाल रंग दिसला की अख्खा कळप तिथेच टोचायला येतो आणि मग पिसं राहतात बाजूला, मांसापर्यंत जातं. ब्रह्मा, कोचीन यांच्या पायांवर पिसं असतात तिथे हा प्रकार जास्त, आणि पोलिशसारख्या डोक्यावर झुपका असलेल्या जातींना तर मागून कोण येतंय ते दिसतसुद्धा नाही, त्या बिचाऱ्या आयत्याच सापडतात. मिश्र कळपात झुपकेवाल्या कोंबड्या ठेवूच नयेत असं माझं मत आहे.

पिल्लांचं पण सांगते. जुन्या जाती हळू वाढतात, अमेरिकेतली लाइव्हस्टॉक कन्झर्वन्सी ही संस्था तर हेरिटेज कोंबडीच्या व्याख्येतच सांगते की विक्रीच्या वजनाला यायला १६ आठवड्यांपेक्षा कमी लागता कामा नयेत. हळू वाढतात म्हणजे खाद्य कमी ताकदीचं चालतं असा अर्थ लोक काढतात आणि तिथेच पिल्लांचं नुकसान होतं. पहिले सहा-आठ आठवडे १८ ते २० टक्के तरी हवंच, कारण याच काळात पिल्लू मऊ लव टाकून खरी पिसं आणत असतं आणि एकमेकांची बोटं, शेपटी टोचायला सुरुवातही इथूनच होते. पण प्रोटीन वाढवायचं म्हणून लेयर खाद्य पिल्लांना अजिबात देऊ नका, त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, ते वाढत्या पिल्लांच्या आणि तलंगांच्या किडनीवर येतं. नर कोंबड्यांनाही कायम ते नको. लहान-मोठे, नर-मादी असा मिश्र कळप असेल तर मला सगळ्यात सोपं वाटतं ते असं, सगळ्यांना १८ टक्क्यांचं ग्रोअर म्हणजे वाढत्या कोंबड्यांचं खाद्य आणि शिंपल्यांचा भरडा वेगळ्या भांड्यात, ज्या अंडी देतात त्या आपणहून खातात.

आता कोंबडी हातात घेऊन बघायचं. टक्कल दिसलं म्हणजे पिसं उपटलीच असं नसतं, काही वजनदार जातींच्या पिल्लांना मुळातच पिसं उशिरा येतात आणि पाठ बरेच दिवस उघडी दिसते, ते अगदी नॉर्मल आहे. मोठ्या कोंबडीत पाठ आणि मानेच्या मागची बाजूच घासलेली असेल तर ते कोंबड्याचं काम, वजनदार जातींत एका कोंबड्यामागे आठ-दहा माद्या असाव्यात. डोक्यावर, तुऱ्यावर जखमा असतील तर ती भांडणं, कोण मोठी कोण लहान याची. पिसांच्या बुडाशी पांढरट गुठळ्या म्हणजे उवांची अंडी, आणि लाल माइट हे रक्त पिणारे बारीक किडे रात्री बॅटरी घेऊन बसायच्या दांड्यांच्या फटीत बघावे लागतात कारण दिवसा ते अंगावर नसतातच. पिसं खाणारी असेल तर खूण वेगळी, शेपटीच्या मुळाशी जिथे तेलाची ग्रंथी असते तिथून सुरुवात, अर्धवट तुटलेल्या काड्या, आणि मुख्य म्हणजे खाली पिसं पडलेली दिसतच नाहीत. पिसं गळायच्या दिवसांत खुराडं पिसांनी भरलेलं असतं, इथे मात्र कोंबडी उघडी आणि जमीन स्वच्छ. थोडा वेळ शांत उभं राहून बघितलं तर ती सापडते पण, दुसरी मजेत दाणे टिपत असते तेव्हा ही मागून येते, एक ओढते आणि पळत जाऊन गिळते, आणि जी उपटते तिची स्वतःची पिसं बहुतेक वेळा छान चकचकीत असतात. मारामारीचा आवेश त्यात कुठेच नसतो.

सगळा दोष प्रोटीनवर टाकायचा नाहीये मला. पिसं टोचणं हे मुळात जमीन उकरून टोचायच्या सवयीनेच वळण बदललेलं असतं असं या विषयात काम करणारे बरेच शास्त्रज्ञ मानतात, आणि ते खुराड्यात उभं राहिलं की पटतं. उकरायला भुसा-पालापाचोळा नाही, जागा कमी, उजेड डोळ्यावर येणारा, आणि खाद्य पेलेटचं, गोळ्यांचं, म्हणजे लवकर पोट भरून दिवस मोकळा. भरड खाद्य दिलं की तेच खायला तिला कितीतरी जास्त वेळ लागतो. हिरवा पाला उंच टांगून ठेवा, लिटरमध्ये म्हणजे खाली अंथरलेल्या भुशात थोडे दाणे फेकायचे तर फेका, पण दिवसाच्या खाद्याच्या दहा टक्क्यांच्या वर नको. अनुवंशिकताही असते, जास्त टोचणाऱ्या आणि कमी टोचणाऱ्या वेगवेगळ्या वंशावळी शास्त्रज्ञांनी निवड करून तयार केलेल्या आहेत, म्हणून जी कोंबडी खाद्य-जागा सगळं सुधारूनही थांबत नाही तिची अंडी पिल्लांसाठी ठेवू नयेत.

प्रोटीन वाढवताना काय द्यायचं तर सोयाबीनची पेंड सगळ्यात भरवशाची, ४४ ते ४८ टक्के, पण कच्चं सोयाबीन नको, त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते उष्णता दिल्यावरच जातात. तीळ आणि सूर्यफुलाच्या पेंडीत मेथिओनिन चांगलं असतं पण लायसिन कमी, म्हणून एकट्या त्यांच्यावर भागत नाही. शेंगदाण्याची पेंड बुरशी लागलेली नको, अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाचा धोका असतो. मासळीची पावडर उत्तम, फक्त तिच्यातलं मीठ बघून घ्या आणि जास्त झाली तर अंड्याला वास येतो. सुकवलेल्या अळ्या पण चांगल्या. आणि अति करू नका, जास्तीचं प्रोटीन युरिक आम्ल होऊन बाहेर पडतं, विष्ठा पातळ होते, लिटर ओलं होऊन अमोनियाचा वास डोळ्यात जातो, म्हणजे त्रासाचं नवं कारण आपणच तयार करतो.

अजून एक, खाद्य सुधारल्यावर लोक पंधरा दिवसांत बघतात आणि म्हणतात काही फरक नाही. पीस मुळापासून उपटलं गेलं असेल तर तिथे नवं लगेच यायला लागतं. पण मधेच तुटलं असेल तर उरलेली काडी तिथेच बसून राहते आणि पुढच्या पीसगळीपर्यंत नवं येत नाही, तोवर ती कोंबडी तशीच उघडी दिसणार. फरक बघायचा तो नवीन जागा उघड्या पडतायत का यावर. जखमी असेल तिला मात्र त्याच दिवशी वेगळी काढा, शक्यतो जाळीपलीकडे म्हणजे कळपाला ती दिसत राहील आणि परत सोडताना अनोळखी वाटणार नाही. उघड्या अंगाच्या कोंबडीची ऊब जाते म्हणून ती खातेही बरंच जास्त, तेव्हा तिचा खुराक मोजून कमी करू नका.

राहिली चोच. चोचीच्या टोकाला नसा असतात, त्यानेच ती दाणा चाचपते, अंग साफ करते, उवा काढते. ती छाटली की दुखतं आणि काही वेळा दुखणं नंतरही राहतं, नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये तर हे बंदच आहे. आणि छाटून मेथिओनिन वाढत नाही ना जागा वाढत! कोंबडी उपटायची थांबली तरी तिच्या अंगात जे कमी आहे ते कमीच राहतं.

म्हणून विनंती एवढीच की कोंबड्यांवर पुढचा लेख छापाल तेव्हा "काटक असतात" यापुढे जाऊन खाद्यातले टक्के, मेथिओनिन, मका किती आणि पिसं गळायच्या काळात काय द्यायचं हे पण छापा, आणि लिहिणाऱ्याला विचारा की त्याने सांगितलेल्या दाण्यांच्या हिशोबात कोंबडीला दिवसाला किती ग्रॅम प्रोटीन मिळतं.

आपली,
एक नियमित वाचक आणि कोंबडीपालक