अहवाल ‘सकारात्मक’ नको, ‘आढळले’ म्हणा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात डेंगीची बातमी होती. एका गावातल्या काही जणांचे ‘अहवाल सकारात्मक आले’, असे तिच्यात छापले होते. आमच्या घरी पेपर मोठ्याने वाचायची पद्धत आहे आणि त्या दिवशी माझी थोरली बहीण आमच्याकडे मुक्कामाला होती. ती बातमी मी वाचली नाही. पान उलटून पुढे गेलो. असे का केले, ते सांगण्यासाठी हे पत्र लिहितो आहे.

आक्का ७१ वर्षांची आहे. भिलवडीच्या बाजूला मळ्यात राहते. मार्चमध्ये अंघोळ करताना डाव्या छातीत गाठ हाताला लागली. आधी पंधरा दिवस कुणाला बोलली नाही, मग सुनेला सांगितले. मिरजेला दाखवले, सुईने पेशी काढून तपासायला दिल्या. रिपोर्ट आणायला नातू गेला. काउंटरवरच्या मुलीने पाकीट हातात दिले आणि म्हणाली, “निगेटिव्ह आहे. सोमवारी डॉक्टर आले की दाखवून घ्या.” पोराचा जीव भांड्यात पडला. त्याने तिथूनच फोन लावला, “आज्जी, निगेटिव्ह आलंय!” आणि तसाच गाडी पकडून पुण्याला कामावर गेला. आपण आज्जीला आनंदाची बातमी दिली, असेच त्याला वाटत होते. त्याचा यात काही दोष नाही. काउंटरवरच्या मुलीचाही नाही. दोघेही खरे तेच बोलले होते.

चौथ्या दिवशी माझ्या बायकोने सहज फोन केला, यंदा सांडगे किती घातले म्हणून. आक्का म्हणाली, “नाही घातलं. कुणासाठी घालू?” बायकोला ते बरे वाटले नाही. आम्ही दुपारच्या एसटीने गेलो. घरात सगळे जिथल्या तिथे लावलेले. शेजारणीची दिवाळीपासून उसनी आणलेली परात घासून-पुसून परत दिलेली. पाटल्या जुन्या रुमालात बांधून ट्रंकेत वर ठेवलेल्या, त्यात चिठ्ठी : ‘धाकटीला’. आक्का चौथी शिकलेली आहे, अक्षर अजून गोल येते. चार दिवस ती घासभर जेवत होती आणि सुनेला सांगत होती, की उन्हाने जेवण जात नाही.

मी विचारले, “अगं, निगेटिव्ह म्हणजे चांगलं. तुला कुणी सांगितलं वाईट म्हणून?”

तिने माझ्या बायकोकडे बोट केले. म्हणाली, “हिच्या वेळंला डॉक्टर काय म्हणालं होतं? पॉझिटिव्ह आलंय, चांगलं झालं, आता गोळ्या लागू पडतील. मी हुते की तिथं. मग माझं निगेटिव्ह आलं, म्हंजे मला गोळीबी लागू पडायची न्हाई.”

संपादक महोदय, यावर मला उत्तर सुचले नाही. कारण तिने डॉक्टरांकडून ऐकले होते ते अक्षरशः खरे होते.

माझ्या बायकोला २०१७ साली स्तनाचा कर्करोग झाला. ती आज ठणठणीत आहे, रोज सकाळी आमराईत चालायला जाते. तिची फाइल मी शंभर वेळा वाचली आहे. पहिल्या कागदावर होते, कर्करोगासाठी पॉझिटिव्ह. ते वाचून आमच्या पायाखालची जमीन सरकली. ऑपरेशननंतरच्या कागदावर ‘मार्जिन निगेटिव्ह’ असे आले. म्हणजे कापून काढलेल्या भागाच्या कडेला कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत. ते चांगले. तिसऱ्या कागदावर लिहिले होते, हार्मोन रिसेप्टर पॉझिटिव्ह. म्हणजे त्या गाठीच्या पेशींवर शरीरातल्या संप्रेरकांना धरून घेणाऱ्या जागा आहेत, तेव्हा त्या जागा अडवणाऱ्या किंवा संप्रेरकच कमी करणाऱ्या गोळ्या उपयोगी पडतील. तेही चांगले, आणि आक्काने नेमके तेच ऐकले होते. आमच्याच वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा रिपोर्ट ‘ट्रिपल निगेटिव्ह’ होता. म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन या दोन संप्रेरकांना धरणाऱ्या जागा आणि एचईआर२ नावाचे प्रथिन, या तिन्ही तपासण्यांत काही आढळले नाही, म्हणून त्या गोळ्यांचा त्यांना उपयोग नव्हता आणि उपचार जास्त अवघड होते. एकाच आजाराच्या कागदांत ‘पॉझिटिव्ह’ एकदा वाईट, एकदा चांगले. ‘निगेटिव्ह’चेही तसेच. चौथी शिकलेल्या बाईने यातून काय समजावे? पदवीधरालाही हे आपोआप समजत नाही. मला तरी कागद घेऊन डॉक्टरांपुढे बसल्यावरच समजले.

या शब्दांशी माझे नाते जुने आहे. मी आयुष्यभर फोटोग्राफी केली. १९७४ साली सांगलीच्या खणभागात एका स्टुडिओत पोऱ्या म्हणून लागलो, पुढे स्वतःचे दुकान टाकले. आमच्या धंद्यात निगेटिव्ह म्हणजे लक्ष्मी. गिऱ्हाइकाला आम्ही द्यायचो ती कॉपी. निगेटिव्ह आमच्याकडे राहायची, बटरपेपरच्या पाकिटात, कोपऱ्यात शिसपेन्सिलीने नंबर घालून. वीस वर्षांनी कुणी म्हातारी यायची, “ह्यांचा फोटो आहे का हो तुमच्याकडं?” वही काढून नंबर शोधायचा. पाकिटातून निगेटिव्ह निघाली, की तिच्या डोळ्यांत पाणी यायचे. दिव्यासमोर धरली, की माणूस उलटा दिसतो. केस पांढरे, दात काळे, पांढरा सदरा काळा कुळकुळीत. पण माणूस तोच, आणि त्याची हवी तेवढी चित्रे त्या एका तुकड्यातून निघतात. २००५ च्या पुरात काही पाकिटे भिजली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, धोक्याची पातळी ४५ फुटांची, आणि माझे माळ्यावरचे खोकेही बुडाले. पाण्याने फिल्मवरचा जिलेटिनचा थर फुगतो, एक फिल्म दुसरीला चिकटते, सोडवायला जावे तर चेहराच निघून येतो. गावातल्या कितीतरी लग्नांच्या निगेटिव्ह मी त्या चिखलातून हातांनी उपसून टाकल्या. म्हणून कुणी ‘निगेटिव्ह’ म्हणजे वाईट म्हटले, की मला आतून लागते.

फोटोच्या कामात हे दोन शब्द आणले जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने, १८४० साली. ज्या हायपोच्या पाण्यात माझी बोटे आयुष्यभर बुडाली, त्या हायपोने फोटो पक्का करता येतो हे दाखवणाराही तोच. उजेडाच्या जागी काळे ते निगेटिव्ह आणि उजेडाच्या जागी उजेड ते पॉझिटिव्ह, एवढाच त्याचा अर्थ. विजेच्या बाबतीत त्याच्या जवळजवळ शंभर वर्षे आधी, १७४७ च्या सुमारास, बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेत हेच शब्द वापरले होते. जिथे वीज जास्त साठली असे त्याला वाटले ती बाजू पॉझिटिव्ह, जिथे कमी वाटली ती निगेटिव्ह. पुढे १८९७ साली इलेक्ट्रॉनचा शोध लागला तेव्हा कळले, की तारेतून खरा धावतो तो निगेटिव्ह भार. पण नावे पक्की झाली होती, ती तशीच राहिली. बॅटरीचे निगेटिव्ह टोक वाईट म्हणून कुणी कापून टाकत नाही.

आपल्याकडे तर ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण संख्यांचे नियम सांगितले. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे देणे. त्यात ऋण हे पाप नाही, हिशेबाची दुसरी बाजू आहे. आजही कुणी उपकार केले, तर आपण ‘मी तुमचा ऋणी आहे’ असे आदराने म्हणतो.

मूळ शोधायला गेले तर पॉझिटिव्ह शब्द लॅटिनमधून आला आहे. ‘ठेवणे, मांडणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून. जे मांडलेले आहे, ठरलेले आहे, ते पॉझिटिव्ह. आणि निगेटिव्ह म्हणजे ‘नाही’ म्हणणे. चांगले-वाईट हे नंतर त्याला चिकटले. माझी नात सहावीत आहे, इंग्रजी व्याकरण पाठ करताना परवा म्हणाली, “गुड ही पॉझिटिव्ह डिग्री, बेटर कंपॅरेटिव्ह.” मी विचारले, मग बॅड कुठली डिग्री? ती म्हणाली, “ती पण पॉझिटिव्हच, आजोबा.” तिचे बरोबर आहे. व्याकरणात तुलना न करता नुसते मांडलेले विशेषण, मग ते ‘वाईट’ का असेना, पॉझिटिव्हच. शाळेतल्या मुलीला जे कळते, ते दवाखान्याच्या काउंटरवर का लपून राहते?

आपल्या जिल्ह्यात हे शब्द लोकांच्या तोंडी बसले ते भीतीतून. नव्वदच्या दशकात एचआयव्हीच्या तपासणीबरोबर ‘पॉझिटिव्ह’ हा कुजबुजून बोलायचा शब्द झाला. मग मार्च २०२० मध्ये इस्लामपुरात कोरोनाचे रुग्ण सापडले, जिल्ह्याचे नाव देशभर गेले आणि गल्लीगल्लीत ‘अमका पॉझिटिव्ह, तमका निगेटिव्ह’ सुरू झाले. त्याच काळात टीव्हीवर, भाषणात, व्हॉट्सॲपवर सांगणे चालू होते : विचार पॉझिटिव्ह ठेवा. गरोदरपणाची तपासणी पॉझिटिव्ह आली, की घरात पेढे येतात. रक्तगटाचा प्रश्न आणखी वेगळा. माझा ओ निगेटिव्ह आहे. गट तपासायला वेळ नसेल अशा अडचणीत हे रक्त कुणालाही चालते, म्हणून रक्तपेढीतून रात्री-अपरात्री मला फोन यायचे. पण माझ्या भाचीचा गट बी निगेटिव्ह आहे हे लग्न ठरताना कळल्यावर पलीकडच्यांनी पहिला प्रश्न विचारला, “म्हणजे काय दोष आहे?” रक्तात अमुक एक घटक नाही, एवढाच त्याचा अर्थ. बाळंतपणात बाळाचा गट पॉझिटिव्ह निघाला तर त्रास होऊ नये म्हणून वेळेवर इंजेक्शन देतात, ही माहिती त्यांना हवी होती. ती कुणी दिली नव्हती.

आता आपल्याकडे तक्रार. इंग्रजी शब्द निदान परका आहे, माणूस कुणाला तरी विचारतो. पण आपण ‘अहवाल सकारात्मक आला’ असे छापता, तेव्हा मराठी माणसाला विचारावेसेही वाटत नाही. सकारात्मक म्हणजे अनुकूल, आशेचा. ‘शिष्टमंडळाशी सकारात्मक चर्चा झाली’, ‘शासन याबाबत सकारात्मक आहे’ हे आपणच छापता. आणि त्याच अंकात डेंगीचा अहवालही सकारात्मक? इंग्रजीच्या एका अर्थाचा मराठी शब्द उचलून दुसऱ्या अर्थाच्या जागी बसवला आहे. ही भाषांतराची चूक आहे आणि तिने माणसाचा जीव जाऊ शकतो. आमची आक्का वाईट समजून चार दिवस अर्धपोटी राहिली. तिच्या जागी खरोखर गाठ वाईट असलेली बाई ‘सकारात्मक’ ऐकून निवांत घरी बसली असती, तर?

आपल्याकडे साधा शब्द आहे : आढळले. ‘डेंगीची लागण आढळली.’ ‘कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत.’ मला हा शब्द ‘आहे-नाही’पेक्षाही जास्त खरा वाटतो. डार्करूममध्ये मी अनेकदा पाहिले आहे, उजेड कमी पडलेल्या निगेटिव्हमध्ये काळ्या कोटाच्या घड्या येतच नाहीत. घड्या कोटाला होत्या, फिल्मवर उतरल्या नाहीत. तपासणीचेही तसेच. सुईत जे आले नाही ते कागदावर येणार नाही, म्हणून डॉक्टर पुन्हा दाखवायला बोलावतात. ‘आढळले नाही’ म्हटले, की ती पुढची फेरीही माणसाच्या लक्षात राहते.

आपण बातम्यांत हा शब्द रुळवावा, ही विनंती. आणि सांगली-मिरजेत कर्नाटकापासून माणसे उपचाराला येतात, तेव्हा इथल्या लॅबवाल्यांनी रिपोर्टच्या तळाशी एक ओळ मराठीत आणि एक कानडीत छापावी : काय शोधले, ते आढळले की नाही. काउंटरवर पाकीट देणाऱ्या मुलामुलींनाही तेवढे एक वाक्य शिकवावे. शाई फार लागणार नाही.

सोमवारी आम्ही आक्काला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. चरबीची साधी गाठ निघाली. मी घरी येऊन तिच्या फाइलच्या पुठ्ठ्यावर जाड स्केचपेनने लिहिले : ‘कर्करोग आढळला नाही. गाठ साधी. सहा महिन्यांनी परत दाखवणे.’ तिने ते दोनदा वाचले, बोट ठेवून. मग सुनेला फोन करून म्हणाली, डाळ भिजत घाल, सांडगं अजून वाळतील, ऊन हाय.

आपला,
एक निवृत्त छायाचित्रकार
खणभाग, सांगली